एक चिठ्ठी, एक वांगं

मुरमाटोला, गोरेगावाजवळ
१४ नोव्हेंबर १९४३

सौ. जमुना,

तू भाऊबीजेला गोंदियाला गेलीस त्याला आज दोन आठवडे झाले. भाऊबीज एका दिवसाची असते.

माझी तब्येत ठीक आहे. भात गिच्च होतो, पण होतो.

निघताना तू जे बोललीस ते मी रागातलं धरलं आहे. फक्त ‘चोर’ हा शब्द तू गाडीवानासमोर वापरायला नको होता. गाडीवान आमच्या शाळेतल्या टिकारामचा काका आहे. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मुलं फार लक्ष देऊन बसली होती.

झालं ते पुन्हा एकदा शांतपणे लिहितो. जुने चांदीचे रुपये सरकार परत घेत होतं. मुदत ऑक्टोबरअखेरची. त्यानंतर तो रुपया रुपया राहणार नव्हता, नुसता धातू होणार होता. तुझ्या डब्यात असे एकवीस पडून होते. मी ते दिवाळीआधी गोंदियाच्या खजिन्यात नेले आणि त्यांच्या नोटा आणल्या. नुकसान टाळलं. यात चोरी कुठे आली, मला कळत नाही.

ते रुपये एका गोफात ओवलेले होते आणि शिवरात्रीच्या जत्रेत तू ते गळ्यात घालत होतीस, हे खरं आहे. पण खजिना हार घेत नाही. म्हणून कड्या काढाव्या लागल्या. गोरेगावच्या उदाराम सोनारानं त्या काढून दिल्या. गोफ मी टाकला नाही. डब्यात ठेवला, आणि त्याच्यावर नोटा नीट घडी करून ठेवल्या. भाऊबीजेला जाण्याआधी तू डबा उघडशील असं मला वाटलं नव्हतं. तुला विचारणारच होतो.

नोटा सतरा निघाल्या, हेही तू मोजलंस. चार रुपये खजिन्याच्या बाबूनं ठेवून घेतले. कडी डागलेल्या जागी काठ बिघडला होता म्हणाला. सरकारी काम आहे. आपण काय करणार?

शाळेत नवा पृथ्वीगोल आला आहे. मुलं त्याच्यावर गोरेगाव शोधतात.

उत्तर लिही. गाडी कधी पाठवू ते कळव.

केशोराव


२८ नोव्हेंबर १९४३

सौ. जमुना,

उत्तर आलं नाही. तुझ्या वडिलांचं आलं. ईश्वरदासजींनी एवढंच लिहिलं आहे की मुलगी दुकानात बसते आणि गिऱ्हाईक वाढलं आहे. माझी चौकशी केलेली नाही.

शुक्रवारी तिसरीच्या वर्गात रुख्मा उभी राहिली. नऊ वर्षांची आहे, पण उभी राहते तेव्हा पोलीसपाटील उभा राहिल्यासारखं वाटतं.

“मास्तर, बाईचा हार कायले मोडला?”

“मोडला नाही. बदलला.”

“मंग आता बाई कागद गळ्यात घालतीन का?”

मुलं हसली. छड्या मारून हा प्रश्न सुटणारा नव्हता. मी फळ्यावर लिहिलं: पैसा म्हणजे काय? या विषयाला अभ्यासक्रमात जागा नाही. मी भूगोलाची घेतली.

पहिला धडा अदलाबदलीचा. अर्ध्या वर्गानं बोरं आणावीत, अर्ध्यानं शिंगाडे आणावेत आणि पैशाशिवाय व्यवहार करून दाखवावा, असं ठरलं. टिकारामला शिंगाडे हवे होते, पण ज्याच्याकडे शिंगाडे होते त्याला बोरं नको होती, त्याला टिकारामची टोपी हवी होती. अदलाबदलीत हीच अडचण असते. ती मी समजावून सांगायला फळ्याकडे वळलो. परत वळलो तेव्हा वर्गात बोरंही नव्हती, शिंगाडेही नव्हते. सगळ्यांचे गाल फुगलेले होते. विनिमयाचं साधन खाण्याजोगं नसावं, हा मुद्दा आपोआप सिद्ध झाला.

म्हणून आता शाळेचा पैसा काढला आहे. जुन्या परीक्षेच्या कागदांचे चौकोन कापले. त्यावर शाळेचा शिक्का. शाळेच्या बागेत वांग्याची तीस झाडं आहेत, तुला माहीतच आहेत. दोन बादल्या पाणी घातलं की मुलाला एक चिठ्ठी. एक चिठ्ठी दिली की एक वांगं. शिक्का टिकारामकडे असतो.

तू म्हणशील, हे मला कशाला सांगता? यासाठी की कागदाला किंमत असते ती त्याच्यामागच्या शब्दाला असते, हे मी इथे तीस मुलांकडून सिद्ध करून घेणार आहे. तू म्हणालीस, ‘कागदाले वजन नाही.’ वजन नसतंच. विश्वास असतो. सिद्ध झालं की तुला कळवतो. मग तरी ये.

केशोराव


१९ डिसेंबर १९४३

सौ. जमुना,

सिद्ध झालं आहे.

मुलं इतकं पाणी घालतात की एक वाफा कुजला, पण बाकीचे तरारले आहेत. दर सोमवारी चिठ्ठ्या देऊन वांगी नेतात. कुणी चिठ्ठी हरवत नाही. पेन्सिली हरवतात, टोप्या हरवतात, केवळरामचा तर धाकटा भाऊ एकदा बाजारात हरवला होता. चिठ्ठी मात्र हरवत नाही. हे मी मुलांच्या लक्षात आणून दिलं.

मग भाव हा विषय घेतला. वांगं सकाळी महाग आणि सांजेला स्वस्त का? मागणी आणि पुरवठा हे शब्द मी फळ्यावर लिहीत होतो, तेवढ्यात रुख्मा बसल्या जागेवरून म्हणाली, “बाजार उठाच्या वक्ताले बाया घरी न्याले कंटारतात, म्हनून सस्ते देतात. माय म्हनूनच उशिरा जाते.” मी शब्द पुसले. तिचं वाक्य लिहून घ्यायला सांगितलं.

आता मोठी बातमी. लढाईमुळे सुटी नाणी कुठे मिळतच नाहीत. तुमच्याकडेही हेच असेल. आपला मुन्नालाल किराणावाला पैशाच्या बदल्यात गिऱ्हाइकाला कधी चिमूटभर मीठ देतो, कधी दोन बिड्या. परवा तो शाळेत आला. चपला बाहेर काढून आला.

“मास्तरजी, छुट्टा तो है नहीं. ये आपकी चिठ्ठी से एक बैंगन पक्का मिलता है न?”

“पक्का.”

“फिर मेरे यहाँ चलेगी.”

आणि चालली. त्याच्या दुकानात एका चिठ्ठीला एक पैसा धरतात. तिथून ती गोरेगावच्या आठवडी बाजारात गेली. तिथल्या एका तेलिणीनं माझ्या डोळ्यांसमोर आपली चिठ्ठी घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि पदराच्या गाठीत बांधली. जमुना, त्या कागदाच्या मागल्या बाजूला केवळरामचं भागाकाराचं चुकलेलं गणित होतं. तरी तिनं ती गाठीत बांधली. मला भरून आलं.

सध्या एकशेवीस चिठ्ठ्या बाहेर आहेत.

या पाकिटात एक चिठ्ठी तुझ्यासाठी घातली आहे. वडिलांना दाखव.

केशोराव


(पोस्टकार्ड)
गोंदिया
२७ डिसेंबर १९४३

मास्तरले जमुनाचा नमस्कार.

पत्र भेटले. चिठ्ठी भेटली. गोंदियात तिचं वांगं कोनी देत नाही. बाबूजीनं मुनीमजीले दाखवली तं तो गादीवर लोटला हासता हासता.

माझ्या मायनं एकवीस साल लोकायचे तांदूर कांडले. साली एक रुपया बाजूले टाकला. माझ्या लग्नात गोफात ओवून देला. तुमाले वाटलं डब्यात रुपये पडून आहेत. ते पडून नवते, बसून होते.

तुमी मले विचारलं असतं तं मी नाही म्हनली असती. तुमाले माहीत होतं म्हनून तुमी विचारलं नाही. हे तुमच्या पत्रात कोठीच नाही लिवलं.

शिवरातीले मी परतापगडच्या जत्रेले मोकळ्या गळ्यानं जानार नाही. त्याच्या आंधी एकवीस चांदीचे आले पायजे. नाही तं मी येथीच बरी आहे. दुकानात बसून राहिली. मले हिसाब येते.

ज.

भातात पानी कमी घाला.


९ जानेवारी १९४४

सौ. जमुना,

कार्ड मिळालं. पोस्टमननं ते वाचलेलं होतं. भाताबद्दल त्यानंही तेच सांगितलं.

विचारलं का नाही, या मुद्द्यावर नंतर लिहीन.

इकडे किरकोळ अडचण आली आहे. सोमवारी मुलं आणि काही पालक मिळून सत्तर चिठ्ठ्या घेऊन आले. वांगी पंचावन्न निघाली. थंडीनं फूल गळतं. मी म्हणालो, उरलेली पुढच्या सोमवारी. केवळरामच्या आजीनं विचारलं, “पुढच्या सोमवारी तुमी वांगे देता का पुढचा सोमवार देता?” मुलांना हे फार आवडलं. आता शाळेत कुणाला काही मागितलं की ‘पुढचा सोमवार घे’ म्हणतात.

चिठ्ठ्या इतक्या कशा झाल्या, याची चौकशी केली. टिकारामचं म्हणणं असं: पाणी घालायला चिठ्ठी होती, तर गवत काढायला का नको? म्हणून त्यानं गवताला दिली. मग शेणानं सारवायला. मग फळा पुसायला. मग वर्गात गप्प बसायला एक चिठ्ठी ठरली. तो दिवस मला आठवतो. फार शांत दिवस होता. मी शिक्षणाचा परिणाम समजलो होतो.

“कोणाला विचारून दिल्यास?”

“शिक्का माझ्याजोड होता मास्तर.”

“शिक्का आहे म्हणून छापायचं?”

“मंग शिक्का कायले असते?”

त्याला मी बाकावर उभं केलं. शिक्का काढून घेऊन माझ्याकडे ठेवला.

मुन्नालाल आता एका पैशाला दोन चिठ्ठ्या धरतो. मुलांना मी भाववाढ हा धडा दिला. उदाहरण शोधावं लागलं नाही.

तरी मूळ सिद्धान्ताला धक्का लागलेला नाही. साधारण दोनशे चिठ्ठ्या बाहेर असाव्यात. फार तर अडीचशे.

केशोराव


२६ जानेवारी १९४४

सौ. जमुना,

दोन गोष्टी घडल्या. क्रमानं लिहितो.

पहिली रुख्माची. या मुलीनं महिनाभर एकही वांगं नेलं नव्हतं. साठवत होती. गेल्या शुक्रवारी ती शाळेत आली तेव्हा तिच्या गळ्यात हार होता. सगळ्या चिठ्ठ्यांना सुईनं भोकं पाडून दोऱ्यात ओवलेल्या. एकवीस. मी मोजल्या.

“हे काय?”

“बाईसारका.”

वर्ग हसला नाही. मुली उठून जवळ गेल्या आणि हात लावून पाहू लागल्या. मीही शिकवणं चालू ठेवलं. मधल्या सुट्टीत ती हार घालूनच पाणी घालायला गेली. बादली हिंदकळली. परत आली तेव्हा शिक्के विरघळून जांभळा रंग झग्यावर उतरला होता आणि दोऱ्यात लगदा होता. ती तशीच मुन्नालालकडे गेली. त्यानं घेतल्या नाहीत. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. कोणतं गणित आणि कोणता शिक्का, काहीच ओळखू येत नव्हतं.

ती परत आली. रडत नव्हती. मला म्हणाली, “पानी लागलं तं पैसा मरते का मास्तर?”

मी म्हणालो, कोरडा ठेवायचा असतो.

“बाईचा हार तं तरयात पडला होता. पोरायनं बुडी मारून काढला. काही नाही झालं त्याले.”

मला हे माहीत नव्हतं. तळ्यात कधी पडला होता? तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नसेल.

दुसरी गोष्ट सोमवारची. रुख्माच्या चिठ्ठ्या मुन्नालालनं नाकारल्या, ही बातमी शनिवारच्या बाजारात पोचली होती. ती पोचताना तिच्यातलं पाणी गळून गेलं. उरलं ते एवढंच की मास्तरची चिठ्ठी मुन्नालाल घेत नाही. सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी फाटकापाशी माणसं उभी होती. गोरेगावची तेलीण टोपली घेऊन पायी आली होती. केवळरामच्या आजीला खाटेवर बसवून आणलं होतं. तिच्याकडे चार चिठ्ठ्या होत्या.

मी मुलांना म्हणालो, शांतपणे मोजा. झाडांवर एकसष्ट वांगी होती. त्यात कीड लागलेली नऊ. फाटकापाशी चिठ्ठ्या चारशे बारा.

“वांगे द्या मास्तर,” तेलीण म्हणाली.

“रांगेनं या. ज्याची पाळी—”

“मी गोरेगावाहून चालत आली. माझी पाळी घरून निंगाली तेव्हाच लागली.”

मुन्नालालकडे एकट्याकडे नव्वद होत्या. मी सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानं विचारलं, “एवढ्या तुमच्याकडे कुठून आल्या?”

“आप ही ने तो दी.” तो बोटं मोजू लागला. “गुड़, साबुन, तंबाकू, चाय का पुड़ा, फिर गुड़—”

त्यावर टिकाराम सगळ्या गावासमोर म्हणाला, “मास्तर, शिक्का तुमच्या घरी होता.”

खाटेवरची म्हातारी तेवढी बोलली. “मास्तरले बी बाकावर उभं करा,” असं ती म्हणाली.

पगार दोन महिने आलेला नव्हता, जमुना. साठ-सत्तरच छापल्या असतील. खरं लिहितो, मोजल्या नाहीत.

आता थांबतो. शाळेत अजून माणसं आहेत.

केशोराव


८ फेब्रुवारी १९४४

सौ. जमुना,

विचारलं का नाही, यावर नंतर लिहीन म्हणालो होतो. आता लिहितो. हे पत्र पोस्टमननंही वाचावं. तो कडेनं उघडतो म्हणून या खेपेला डिंक लावत नाही.

खजिन्यात बाबूनं चार रुपये नाकारले, हे खरं आहे. त्यानं ते ठेवून घेतले, हे खोटं आहे. त्यानं ते माझ्याकडे सरकवले. बाहेर आलो तर समोरच एक सराफ बसला होता. तो म्हणाला, ते नाकारलेले मला द्या. चाराचे पाच देतो. मी दिले. त्यानं काठ पाहिला नाही, राजा पाहिला नाही. तराजूत टाकले.

म्हणजे चांदीचा रुपया कागदाच्या रुपयापेक्षा सव्वा पट आहे, हे मला त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर कळलं होतं. सतरांचे कागद तेव्हा खिशात होते. मागे फिरून कुणाला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या पाच रुपयांचा मी पृथ्वीगोल घेतला. शाळेसाठी घेतला म्हणजे चोरी होत नाही असं मला गोंदिया ते हिरडामाली आगगाडीत वाटत होतं. हिरडामालीला उतरलो तेव्हा वाटेनासं झालं. तू नोटा मोजल्यास तेव्हा तुला बाबूचं नाव सांगितलं.

पुढे दोन महिने मुलांना विश्वास शिकवला. तो धडा खरं तर मी तुला उद्देशून शिकवत होतो. मुलांनी तो माझ्यापेक्षा नीट घेतला. पाण्याच्या बादल्या त्यांनी खऱ्याच घातल्या होत्या. खोट्या चिठ्ठ्या मी छापल्या.

चारशे बारांचं काय झालं ते कळवतो. बावन्न वांगी बऱ्या अवस्थेत होती, ती रांगेत पुढे असलेल्यांना गेली. कीड लागलेली नऊ म्हातारीनं चार चिठ्ठ्यांत मागितली आणि भाजून खाल्ली. चिठ्ठीला एक पैसा धरून बाकीच्यांचे पाच रुपये नऊ आणे झाले. पैसे द्यायचे ठरवलं तर सुटी नाणी नाहीतच. शेवटी मी मुन्नालालला माझी सायकल विकली. पंचेचाळीस रुपये आले. त्यातून मीठ आणि काड्यापेट्या घेऊन प्रत्येक चिठ्ठीमागे वाटल्या. रुख्माचा लगदाही मी घेतला. एकवीस धरला. ती म्हणाली, “मोजून घ्या मास्तर, असं कायले धरता?” मी म्हणालो, मी तेव्हा मोजल्या होत्या.

शाळेचा शिक्का आता पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे. किल्ली रुख्माकडे असते. मला शिक्का लागला तर कारण लेखी द्यावं लागतं. काल दाखल्यासाठी मागितला तर तिनं माझ्या अर्जातली एक ओळ समजली नाही म्हणून परत लिहून आणायला सांगितलं. टिकारामला बाकावरून उतरवलं आहे आणि त्याची माफी मागितली आहे. त्यानं विचारलं, “माफीची चिठ्ठी देता का?” एवढ्यावर मी त्याला पुन्हा बाकावर उभं करणार होतो. केलं नाही.

सायकलीचे उरले ते घेऊन मी चालत उदारामकडे गेलो. लोकांनी मोडलेले जुने रुपये त्याच्याकडे आहेत. म्हणाला, एकाचे एक रुपया दहा आणे. मी म्हणालो, हा काय भाव झाला? तो म्हणाला, “मास्तर, तुमी कड्या काढाले आले तवाच मी म्हनलो होतो, सव्वा रुपयानं मले द्या. तुमी मले म्हनले, सरकारपेक्षा तू मोठा का?” हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

एकवीस घेतले. चौतीस रुपये दोन आणे. कड्या डागायची मजुरी तो सांगेल ती देणार आहे. घासाघीस करायची माझी पायरी नाही.

तुझे सतरा कागद डब्यात तसेच आहेत. त्यांना हात लावला नाही. तेवढी एक गोष्ट नीट केली.

हे तेच रुपये नाहीत. तुझ्या आईच्या हातचे ते खजिन्यात गेले, वितळले असतील. ते मला आणता येणार नाहीत, हे मी जाणतो आणि तसं लिहून देतो. तुझ्या हारात राणीचे मुखडे सात होते. यात बारा आले आहेत. उदारामकडे निवडायला फार वाव नव्हता.

शिवरात्र जवळ आली. तू येणार नसशील तर हार मी गोंदियाला आणून देतो. दारातूनच परत फिरेन. वडिलांना उगाच मुनीमजींना बोलवायची तसदी नको.

केशोराव


२० फेब्रुवारी १९४४
ओसरीतून, स्वयंपाकघरात

सौ. जमुना,

तू दुपारच्या गाडीनं हिरडामालीला उतरलीस आणि टिकारामच्या काकाच्या गाडीत बसून आलीस. अंगणात आलीस तेव्हा मी उठून उभा राहिलो. तू माझ्या शेजारून आत गेलीस. बोलली नाहीस. मीही काय बोलणार? बोलून मी काय काय केलं आहे ते तुला माहीत आहे. लिहिलेलं तरी परत वाचता येतं. म्हणून हे पत्र.

रुख्माच्या हाती आत पाठवतो आहे. ती इथेच उंबऱ्यावर बसली आहे. म्हणते, उत्तर घेऊनच जाईन.

हार दिवळीत ठेवला आहे. गोफ तुझाच आहे. ओवला मुलींनी. माझ्याकडे द्यायला त्या तयार नव्हत्या.

तुझ्या बोचक्यातून तू तराजू काढलेला मी पाहिला. वडिलांच्या दुकानातला आहे असं दिसतं. गोंदियाहून इतक्या लांब तू तो घेऊन आलीस. बरं केलंस. मी असतो तर मीही आणला असता.

आता आतून पारड्याचा आवाज येतो आहे. तू एकेक रुपया वेगळा जोखते आहेस की सगळा हार, इथून कळत नाही. रुख्मा आत डोकावून मला बोटांनी खुणा करते आहे, पण तिच्या खुणा मला कळत नाहीत. मी तिला लिहून दे म्हणालो. ती म्हणाली, “मले वेर नाही.”

कमी भरला तर किती कमी ते सांग. पृथ्वीगोल विकायला काढला आहे. मुन्नालाल अडीच रुपये म्हणतो. मुलं नको म्हणतात. त्यांना गोरेगाव अजून सापडलेलं नाही. पण वर्गाचं मत मी घेतलं. तीस विरुद्ध शून्य असं ठरलं की आधी बाईंचं

तू आत्ता आतून बोललीस. एकशे बारा दिवसांनी. उद्या नाकारशील, म्हणून शब्द जसेच्या तसे इथे उतरवून ठेवतो. रुख्माला साक्षीदार म्हणून सही करायला सांगतो आहे. तू म्हणालीस:

“वजन भरलं. लिवनं झालं असन तं जेवाले या. सकारच्या गाडीनं जत्रेले जायचं आहे. तिकीट मी काढीन, पैसे तुमच्या हातात नाही देत.”